करंट नसलेली वायर

आत्याकडून बारक्याला
११ मार्च

चि. बारक्या,

आशीर्वाद आहेत, पण बेताने वापर.

तुझं चकचकीत पत्रक मिळालं. पहिल्याच पानावर तू सूट घालून, हाताची घडी घालून उभा, आणि मागे एक कुटुंब दिव्याखाली दात काढून बसलंय. खाली काय, तर "ऊर्जा सल्लागार". गेल्या वर्षापर्यंत तू गाद्या विकत होतास ना रे? त्याआधी पडदे. गाद्यांच्या वेळी तू "निद्रा सल्लागार" होतास, हे मी विसरलेले नाही. तुझी ती गादी अजून माझ्या माळ्यावर आहे. मांजरसुद्धा तिच्यावर झोपत नाही.

फोन करू नकोस. एक तर मला ऐकू येत नाही, आणि तू ओरडायला लागलास की मुळीच येत नाही. कागदावरच बोलू. कागदावर माणसाची चूक पुन्हा पुन्हा वाचता येते.

पत्रकात लिहिलंयस, "आमची पहिली बॅटरी बॅकअप यंत्रणा आमच्या स्वतःच्या घरी, वडिलांच्या सेवेसाठी." ठीक. भाऊचं श्वासाचं मशिन आणि मोटरवर वरखाली होणारी ती लोखंडी खाट दिवे गेल्यावर बंद पडू नये, हे बरोबरच आहे. खोटं कशाला बोलू? तुझ्या डोक्यातून इतका चांगला विचार निघाला म्हणून मी पत्रक दोनदा वाचलं.

पण अर्थिंगचं काय? मागच्या अंगणाच्या कोपऱ्यात अर्थिंगचा खड्डा आहे. माझ्यासमोर खणलाय. आत लोखंडी पाइप, भोवती मीठ आणि कोळसा, आणि उन्हाळ्यात रोज एक बादली पाणी, माती ओली राहावी म्हणून. भाऊला श्वास पुरत होता तोवर ते पाणी तोच घालायचा. त्या पाइपापासून निघालेली हिरवी वायर तुझ्या बॅटरीच्या डब्याला आणि खाटेच्या सॉकेटला जोडलीस का? हो किंवा नाही, एवढंच लिही. निबंध नको.

आत्या


बारक्याकडून आत्याला
१९ मार्च

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार घातला असं समज, कंबर दुखतेय.

पत्र कंपनीच्या कागदावर टाइप करून पाठवतोय म्हणून लगेच नाक मुरडू नकोस. धंद्यात शिस्त लागते. तू आयुष्यभर वीज खात्यात तपासनीस होतीस, लोकांच्या घरी जाऊन चुका काढायचा तुला पगार मिळायचा, हे सगळ्या घराला पाठ आहे. पण आता जमाना बदललाय गं. आमच्या यंत्रणेचं सगळं फोनवर दिसतं. सगळं ठीक असलं की हिरवा दिवा. बाबांच्या खोलीचा दिवा बसवल्यापासून एकदाही लाल झालेला नाही.

तू विचारलंस म्हणून सांगतो. त्या हिरव्या वायरीला मी स्वतः टेस्टर लावून बघितला. टेस्टर पेटलाच नाही! दिवसभरात चार वेळा लावला. त्या वायरीत करंटच नाही आत्या, ती कधीच मेलीय. इतकी वर्षं तुम्ही सगळे एका मेलेल्या वायरीला पाणी घालत होतात. मी ती कापून, टेप लावून भिंतीत सारली. अंगणात सिमेंट केलं, आता तिथे आपली डिलिव्हरीची गाडी उभी राहते. झकास दिसतं.

शिवाय बॅटरी अठ्ठेचाळीस व्होल्टची असते. तिने माणसाला काय होणार? गाडीतही बॅटरी असते, मग गाडीला काय जमिनीत खांब पुरून चालवतात? हे सगळं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलंय. प्रमाणपत्र फ्रेम करून दुकानात लावलंय, येशील तेव्हा बघ.

तुझं ज्ञान तुझ्या काळी ठीक होतं. राग मानू नकोस.

तुझा,
बारक्या
(ऊर्जा सल्लागार)


आत्याकडून बारक्याला
२४ मार्च

बारक्या,

आज आशीर्वाद शिल्लक नाहीत.

तुझं पत्र वाचून मी आधी चष्मा पुसला. मग पुन्हा वाचलं. मग शेजारीण आली होती तिला वाचून दाखवलं. ती पोस्टात टपाल वेगळं करते, विजेतलं तिला ओ की ठो कळत नाही, पण तीसुद्धा म्हणाली, "अगंबाई."

टेस्टर पेटला नाही म्हणून वायर कापलीस! अरे शहाण्या, पेटत नव्हता म्हणूनच ती वायर चांगली होती. अर्थिंगच्या वायरीत चांगल्या दिवशी करंट नसतोच. वाईट दिवशी तो तिथून जमिनीत जावा म्हणून ती घालतात. आग लागलेली नाही म्हणून तू अग्निशमनाचा बंब भंगारात घालशील का? घालशील. तुझा काय भरवसा?

आता अठ्ठेचाळीस. ते डब्याच्या आत. बाहेर पडताना तोच डबा त्याचे दोनशे तीस करतो, म्हणून तर पंखा फिरतो आणि खाट हलते. अठ्ठेचाळीस व्होल्टवर तुझ्या घरचा मिक्सर तरी फिरेल का, हे तुझ्या बायकोला विचार. तिला तुझ्यापेक्षा जास्त कळत असणार.

ती खाट लोखंडाची आहे. आतली एखादी वायर घासली, उघडी पडली, की सगळं लोखंड वीज धरतं. त्या विजेला जमिनीत जायला वाट लागते. वाट असली तर ती तिथून जाते आणि तुझं सेफ्टी स्विच पडतं. वाट नसली तर ती थांबून राहते, आणि कठड्याला धरून जो खाली पाय टेकेल त्याच्यातून जाते. त्या खाटेवर कोण झोपतं, ते तुला सांगायला नको.

सिमेंट फोड. नवा खड्डा कर, नवा पाइप घाल, वायर जोड, आणि लायसन असलेल्या माणसाकडून मोजून घे. हे झाल्याचं पत्र महिनाभरात आलं नाही, तर मी लायसन ऑफिसला लिहीन. तिथे अजून माझ्या हाताखाली शिकलेली माणसं बसतात. मग बघू तुझी फ्रेम किती दिवस भिंतीवर राहते.

गाद्याच विकायच्या होत्यास रे. गादी वाईट निघाली तर फार तर पाठ दुखते.

आत्या


आत्याकडून भाऊला
१६ एप्रिल

प्रिय भाऊ,

तुझ्या दिवट्याला मी पत्र लिहिलं त्याला तीन आठवडे होऊन गेले. उत्तर नाही. एरवी पत्रक छापायला हात शिवशिवतात, आता काय हाताला मुंग्या आल्या?

तुला श्वास पुरत नाही म्हणून फोनवर बोलता येत नाही आणि मला ऐकू येत नाही, म्हणजे आपलं दोघांचं छान जमतं. तेव्हा चार ओळी लिही. त्या खाटेच्या लोखंडाला हात लावलास की झिणझिण्या येतात का? बारीकशी चुणचुण, मुंगी चावल्यासारखी? विशेषतः दिवे जाऊन बॅटरी सुरू झाली की? खरं काय ते लिही. तुझा मुलगा गाढव आहे हे मला माहीतच आहे, त्यामुळे तू सांगितल्याने त्याची अब्रू जाईल असं काही नाही.

ताई


भाऊकडून ताईला
२१ एप्रिल

प्रिय ताई,

सा. न. अक्षर वाकडं आहे, समजून घे.

इथे सगळं ठीक. दिवे रोज जातात, पण माझ्या खोलीत कळतही नाही. बारक्याने खरंच छान केलंय. गल्लीतले लोक बघायला येतात. परवा कोपऱ्यावरचा न्हावी आला होता, त्यानेही दुकानासाठी घ्यायचं ठरवलं. बारक्या सगळ्यांना माझ्या खोलीत आणतो आणि फोनवरचा हिरवा दिवा दाखवतो. मी पण हात वर करून हसतो. त्याला इतका ताठ चालताना मी कधी बघितला नव्हता गं.

झिणझिण्या वगैरे काही नाही. तू उगाच काळजी करतेस.

एक विचारायचं होतं. तुझे नोकरीतले ते जाड रबरी हातमोजे अजून आहेत का? असले तर पाठव. हात गार पडतात. पायही पडतात, म्हणून हल्ली खाटेवर रबरी चपला घालूनच बसतो. सून हसते.

तुझा,
भाऊ


आत्याकडून भाऊला
२४ एप्रिल

भाऊ,

बाहेर ऊन इतकं आहे की माझ्या खिडकीवरची मेणबत्ती वाकून झोपली, आणि तुझे हात गार पडतात? गार पडलेल्या हातांना लोक लोकरी मोजे मागतात. रबरी मागत नाहीत.

लहानपणापासून तुला धड खोटं बोलता येत नाही. त्याबाबतीत तरी मुलाकडून काही शीक.

पत्र वाचून झालं की पहिलं काम, खाटेचा प्लग भिंतीतून काढायला सुनेला सांग. खाट हलली नाही तरी चालेल, पाठीला उशा लाव. श्वासाच्या मशिनचं आवरण प्लास्टिकचं आहे, मी चौकशी केलीय, ते चालू राहू दे. आणि नंतर मला खरं लिही.

ताई


भाऊकडून ताईला
२९ एप्रिल

ताई,

प्लग काढलाय. बारक्या घरी आला की लावतो, तो गेला की काढतो. सुनेला सांगितलं की मोटरचा आवाज डोक्यात जातो.

खरं विचारलंस म्हणून लिहितो. एका दमात होत नाही, तीन दिवस लिहितोय.

झिणझिण्या येतात. पहिल्या दिवसापासून येतात. आधी वाटलं, औषधाने असेल. मग लक्षात आलं की खाली पाय टेकला असेल तेव्हाच येतात, आणि फरशी नुकती पुसलेली असली तर हात झटकन मागे येतो. म्हणून चपला. कठडा मी पंच्याने धरतो.

बारक्याला माहीत आहे. तुझं ते मोठं पत्र आलं त्याच आठवड्यात तो मला उठवायला आला, अनवाणी होता, कठड्याला हात लागला आणि असा उडाला की कपाटावर आपटला. मी म्हटलं, काय रे? म्हणाला, पाय घसरला. माझ्याकडे बघितलं नाही. जाताना म्हणाला, "बाबा, आत्याला काही लिहू नका."

त्याने दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केलं असतं. मी ओळखतो त्याला. पण तुझं पत्र सुनेच्या हातात पडलं होतं, तिने ते जेवताना सगळ्यांसमोर वाचलं. बंबाचा भाग आला तेव्हा मुलंसुद्धा हसली. आता त्याने सिमेंट फोडलं की घरातल्या प्रत्येकाला कळणार की आत्याचंच खरं होतं. म्हणून तो फोडत नाही. रोज संध्याकाळी गाडी तिथे आणून लावतो आणि थोडा वेळ आतच बसून राहतो.

आणि मी का बोललो नाही, ते विचारशील. ताई, लहानपणी मी विजेचा दिवा फुंकून विझवायला गेलो होतो. तू ते माझ्या लग्नात सगळ्या पाहुण्यांना सांगितलंस, नक्कल करून. लोक पोट धरून हसले. मीही हसलो. तेव्हापासून तुला काही सांगायचं म्हटलं की आधी विचार करतो, हे पुढे कोणाकोणाला कळेल. आपल्या घरात सगळेच तसा विचार करतात.

लायसन ऑफिसला लिहू नकोस. त्याचं दुकान बंद होईल आणि तो पुन्हा ताठ चालणार नाही. दुसरा वायरमन मी बोलावणार नाही, गल्लीत त्याची शोभा होईल. तुम्ही दोघं काय ते जिंका नाही तर हरा. पण खाट माझी आहे.

भाऊ


आत्याकडून भाऊला
३ मे

भाऊ,

पत्र मिळालं. कोणाला वाचून दाखवलं नाही.

हातमोजे पाठवतेय. ते घालूनही कठड्याला हात लावायचा नाही. प्लग तो घरी असतानाही काढूनच ठेव, आवाजाचं कारण चांगलं आहे, त्यालाही तेच सांग. लायसन ऑफिसला लिहिणार नाही. बाकी मी बघते.

ताई


आत्याकडून बारक्याला
३ मे

चि. बारक्या,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्रक मी जपून ठेवलंय. इथेही दिवे फार जायला लागले आहेत. काल तर आंघोळ अर्धवट राहिली. मला वाटतं, तुझी ती यंत्रणा माझ्याही घरी बसवावी. घरच्याच माणसाकडून घेतलेली बरी. बाहेरचे लोक म्हाताऱ्या माणसाला काहीही विकतात.

एक विचारायचं होतं. माझी शेजारीण म्हणत होती की हल्ली या बॅटरीच्या यंत्रणांसाठी अर्थिंगची काहीतरी नवीनच पद्धत आलीय. आमच्या वेळच्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यासारखी नाही, वेगळंच काहीतरी. तांब्याचा मुलामा दिलेला रॉड असतो म्हणे, आणि दिवे जाऊन बॅटरी सुरू झाली की त्या वेळच्या न्यूट्रलचाही संबंध जमिनीशी लागतो, नाहीतर सेफ्टी स्विच पडतच नाही म्हणे. मला काही नीट समजलं नाही. आमच्या काळी बॅटऱ्या टॉर्चमध्ये असायच्या, त्यामुळे हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही. तू या धंद्यात आहेस, तुला ठाऊक असेल.

माझ्या जुन्या पत्रात मी खड्ड्याबद्दल जे लिहिलं होतं ते जुन्या पद्धतीचं होतं. ते सोडून दे. फाडून टाकलंस तरी चालेल.

ही नवी पद्धत तू भाऊच्या खोलीला करून ठेवलीस, तर मला नमुना बघता येईल. तसंच माझ्याकडे करू. बसवल्यावर लायसनवाल्याकडून आकडा मोजून घेतात असंही ती म्हणत होती, तेही करायचं का ते तूच ठरव. जमेल तेवढं लवकर कर, उन्हाळा फार आहे.

तुझी,
आत्या


बारक्याकडून आत्याला
१४ मे

ती. आत्या,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. मनमोकळेपणाने विचारलंस, हे महत्त्वाचं. न समजणं यात लाज वाटण्यासारखं काही नसतं, असं मी गिऱ्हाइकांनाही सांगतो.

तुझ्या शेजारणीने अर्धवट ऐकलंय, पण आहे तसं खरंच. बॅटरी यंत्रणेसाठी अर्थिंगची आधुनिक पद्धत असते. ते आधीपासून माझ्या डोक्यात होतंच, योग्य वेळेची वाट बघत होतो. तुझं पत्र आलं त्याच दिवशी योगायोगाने मी गाडी बाहेर काढून सिमेंट फोडायला घेतलं होतं. आता तांब्याचा मुलामा दिलेला लांब रॉड ठोकलाय, नवी हिरवी वायर डब्यापासून खाटेच्या सॉकेटपर्यंत नेलीय, आणि बॅटरीवर असताना न्यूट्रल जमिनीशी जोडणारा एक रिलेही घातलाय. लायसनवाल्याने मोजून सही केली. सेफ्टी स्विचचं बटण बॅटरीवर असताना दाबून बघितलं, फटकन पडतं. न्हाव्याकडे आणि बाकी सगळ्या घरांतही जाऊन हेच करतोय. त्यांना सांगितलंय की कंपनीने ही सुधारणा फुकट दिलीय.

आता तुला नीट समजावून सांगतो, म्हणजे चारचौघांत विचारलं तर अडायला नको. अर्थिंगच्या वायरीत एरवी करंट नसतो. बऱ्याच लोकांना वाटतं, करंट नाही म्हणजे वायर मेलेली. तसं नसतं. काही बिघडलं तर विजेला जमिनीत जायला वाट पाहिजे, त्यासाठी ती असते. समजायला कठीण वाटलं तर पुन्हा वाच.

आणखी एक गंमत माझ्या लक्षात आली. माती कोरडी पडली की अर्थिंग नीट काम करत नाही. उन्हाळ्यात रॉडपाशी रोज थोडं पाणी घालावं लागतं. हे पत्रकात कुठेच नाही, मी स्वतः शोधून काढलं. रोज सकाळी एक बादली घालतो. बाबा खिडकीतून बघत असतात.

तुझ्याकडे कधी येऊ ते कळव.

तुझा,
बारक्या


भाऊकडून ताईला
१५ मे

ताई,

प्लग लावला. सकाळी अनवाणी पायाने ओल्या फरशीवर उभा राहिलो आणि दोन्ही हातांनी कठडा धरला. काही नाही. नुसतं गार लोखंड.

बारक्या मला अर्थिंग शिकवतो. मी शिकतो.

हातमोजे परत पाठवतोय.

भाऊ


आत्याकडून बारक्याला
२० मे

चि. बारक्या,

अनेक आशीर्वाद.

पाणीसुद्धा घालावं लागतं? हे मला खरंच माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ये. येताना टेस्टर आण.

तुझी,
आत्या